खर्जाचे मानकरी

कोल्हापुरात गाणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला. केशवराव भोसले याच मातीत जन्मले. सुधीर फडक्यांचा जन्मही इथलाच. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ याच गावात चित्रित केला. या यादीचा गावाला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. मात्र ही सगळी नावं रंगमंचावर पुढे उभ्या राहणाऱ्यांची आहेत. आज शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत जे हौशी बँड, कॉलेजांतले गट आणि लहानमोठे ऑर्केस्ट्रा आहेत, त्यांत सगळ्यात मागे, ड्रमच्या शेजारी एक माणूस उभा असतो. त्याच्या गळ्यात लांब दांडीची, चार जाड तारांची गिटार असते. निवेदक सगळ्यांची ओळख करून देतो तेव्हा त्याचं नाव शेवटी येतं, कधी राहूनही जातं. हा बेस गिटार वाजवणारा. एखाद्या गावात एकत्र येऊन वाजवण्याची संस्कृती जिवंत आहे की नाही, हे गायकांच्या संख्येवरून कळत नाही, बेस वाजवणाऱ्यांच्या संख्येवरून कळतं, असं माझं मत आहे. ते खरं असेल तर कोल्हापूरने या माणसाची दखल घेण्याची वेळ आली आहे.

या मताचं कारण वाद्याच्या स्वभावातच आहे. साधी गिटार शिकलेला मुलगा घरी एकटा बसून चार कॉर्डवर गाणं म्हणू शकतो. कीबोर्डवाला एकट्याच्या बळावर अख्खा कार्यक्रम निभावून नेतो. तबल्याला लेहऱ्याच्या साथीने स्वतंत्र वादनाची परंपरा आहे. बेस गिटारचंही एकल वादन झालं आहे. अमेरिकेत जॅको पास्टोरियसने १९७६च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत ते करून दाखवलं आणि आपल्याकडे मुंबईची मोहिनी डे हे वाद्य घेऊन जगभर फिरते आहे. पण ही असामान्य माणसांची गोष्ट झाली. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी वाजवणाऱ्याला बेस एकट्याने वाजवून फारसं काही हाती लागत नाही, कारण त्याच्या सुरांना अर्थ येतो तो दुसऱ्याच्या सुरांमुळे. तो हे वाद्य उचलतो तेव्हाच त्याने इतर तिघाचौघांबरोबर वाजवायचं ठरवलेलं असतं. म्हणून ज्या गावात गिटारवाले शेकड्यांनी आहेत आणि बेसवाला शोधावा लागतो, तिथे वाजवणारे भरपूर असूनही बँड नसतात. प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलसमोर असतो.

हा माणूस नेमकं काय करतो, हे सरगमच्या भाषेत सहज सांगता येतं. गायिका ओळीच्या शेवटी ‘सा’वर थांबली आहे असं समजू. बेसनेही खाली ‘सा’ धरला, तर ओळ पुरी झाल्याची भावना येते. बेस ‘म’वर गेला, तर गायिकेचा तोच ‘सा’ त्या ‘म’चा पंचम होतो आणि गाणं अजून पुढे जाणार आहे असं वाटतं. त्याने कोमल ‘ध’ धरला, तर तोच ‘सा’ त्या धैवताचा गंधार होतो आणि ओळीचा रंगच पालटतो. गायिकेने यात काहीही बदललेलं नसतं. बेसवाल्याने एक बोट सरकवलेलं असतं, एवढंच. लयीचंही तसंच आहे. केरव्याच्या आठ मात्रांत बेसचा सूर कुठे पडतो, ड्रमच्या किकबरोबर की तिच्या किंचित मागे, यावर गाणं धावणार की रेंगाळणार हे ठरतं. ताल आणि सूर यांच्यामधला सांधा या एका वादकाच्या हाती असतो. तो चुकला तर श्रोत्याला चूक कुठली ते सांगता येत नाही, पण गाणं बसलं नाही हे मात्र कळतं.

या वाद्याकडे माणूस बहुधा वळणावळणाने येतो. गटात गिटारवाले दोन-तीन असतात, बेस घ्यायला कुणी नसतं, मग एकाने ती जबाबदारी पत्करायची असते. जगप्रसिद्ध बीटल्समध्येही हेच झालं. स्टुअर्ट सटक्लिफने १९६१ साली गट सोडला आणि तोवर गिटार, पियानो वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीने बेस घेतला. कोल्हापुरातला हौशी वादक शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, उद्यमनगरच्या कारखान्यात, बँकेत, शाळेत नाहीतर दुकानात दिवस काढून संध्याकाळी वाजवायला येतो. त्याच्या अडचणी इतरांहून वेगळ्या असतात. वाद्याचं वजन चार किलोंच्या आसपास, ते तीन तास खांद्यावर. साध्या गिटारच्या अँप्लिफायरवर हे सूर नीट उमटत नाहीत, म्हणून वेगळा, मोठा आणि जड स्पीकर लागतो. तारा महाग. गिटारचे क्लास गल्लोगल्ली, पण बेस शिकवणारा मिळणं कठीण, म्हणून कान आणि यूट्यूब हेच गुरू. सर्वांत मोठी अडचण आवाजाची. या वाद्याच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१ असतात आणि हवेत त्या लाटेची लांबी आठ मीटरांहून थोडी जास्त भरते. अशा लांब लाटा भिंतींना जुमानत नाहीत. फ्लॅटमध्ये वाजवलं तर वरच्या मजल्यावरच्यांची झोपमोड होते. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये त्याच लाटा भिंतींवरून परतून एकमेकींत मिसळतात, काही सूर फुगतात आणि काही गडप होतात. त्यामुळे बेसवाला सराव हेडफोन लावून करतो आणि कार्यक्रमात साउंडवाल्याच्या भरवशावर राहतो.

हे वाद्य वयाने लहान आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने १९५१ साली आपली बेस गिटार बाजारात आणली. ते स्वतः गिटार वाजवत नव्हते, पण वादकांची गरज त्यांना कळत होती. त्याआधी बँडमध्ये खर्जासाठी माणसाहून उंच डबल बेस असे. तो गाडीत मावत नसे आणि वाढत्या आवाजात ऐकूही जात नसे. फेंडर यांच्या वाद्याने दोन्ही प्रश्न सोडवले. पुढच्या दोन दशकांत हे वाद्य मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुजलं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. चरणजित सिंग हेही स्टुडिओतले नावाजलेले बेसवादक. त्यांनी १९८२ साली दहा रागांवर सिंथेसायझरची तबकडी काढली आणि तिची जगभर दखल घेतली गेली ती जवळपास तीन दशकांनंतर. त्या काळातली चित्रपटगीतं ज्यांच्या कानांत आहेत त्यांच्या कानांत या माणसांचे हात आहेत, पण तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावं सहसा आली नाहीत. अमेरिकेतही वेगळं घडलं नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनचं नाव तबकडीवर छापून यायला १९७१ साल उजाडावं लागलं.

मुंबईची ही चित्रपटगीतं महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांनी गावोगाव नेली. गाणं रेडिओवर वाजतं तसंच रंगमंचावर वाजलं पाहिजे, ही त्या श्रोत्यांची कसोटी असे. त्या कसोटीला उतरायचं तर बेसवाला हवाच, म्हणून गणेशोत्सवाच्या, यात्रेच्या आणि लग्नाच्या मांडवात या वादकाला मागणी होती. पुढे दोन गोष्टी घडल्या. मुंबईच्या स्टुडिओत सिंथेसायझर आणि संगणक आले आणि वाद्यवृंदांचं काम आटलं. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वादकांवर लिहिलेल्या २००८च्या पुस्तकात या स्थित्यंतराची त्यांच्याच तोंडून सांगितलेली हकिगत आहे. तेच लोण रंगमंचावर पोचलं. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवू लागला, नंतर तयार ट्रॅक आले आणि आता लॅपटॉप, गायक आणि एक ऑक्टोपॅड एवढ्यावर कार्यक्रम होतो. मागे उभे राहणारे एकेक करून गळाले आणि त्यांत बेसवाला आधी गेला, कारण तो गेल्याचं लगेच कुणाच्या लक्षात येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो व्यवहारी आहे. जे काम यंत्र किंवा डावा हात स्वस्तात करतो त्यासाठी वेगळा माणूस कशाला? लग्नाच्या ऑर्केस्ट्राचं गणित मला मान्य आहे. ठरलेल्या बिदागीत सहा जणांऐवजी तिघांनी कार्यक्रम केला तर त्या तिघांची घरं चालतात आणि कुणाच्या पोटावर पाय देऊन कला टिकवायची नसते. मात्र ट्रॅकची मर्यादा ओळखली पाहिजे. ट्रॅक ऐकत नाही. गायकाने मुखडा एकदा जास्त घेतला, अंतऱ्याआधी श्वासासाठी क्षणभर थांबला किंवा श्रोत्यांच्या टाळ्यांवर ओळ फिरवली, तरी ट्रॅक आपल्या गतीने पुढे जातो. म्हणून ट्रॅकवर गाणारा गायक हळूहळू असं काही करायचंच सोडून देतो. डाव्या हाताचा बेस त्याहून बरा, पण त्या वादकाचं निम्मं लक्ष उजव्या हातात असतं. शिवाय हौशी बँडला हा युक्तिवाद लागूच होत नाही. तो पैसे वाचवण्यासाठी जमलेला नसतो, एकत्र वाजवण्यासाठी जमलेला असतो. त्याने माणसं कमी केली तर जमण्याचं कारणच कमी झालं.

दुसरा आक्षेप असा की बेस लोकांना ऐकूच येत नाही, मग तो असला काय नि नसला काय. याला आता प्रयोगांनी उत्तर दिलं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं की दोन सूर एकत्र वाजत असताना खालचा सूर वेळ चुकला तर मेंदू ती चूक वरच्या सुराच्या चुकीपेक्षा जास्त ठळकपणे टिपतो आणि ठेका धरणारं बोटही खालच्या सुरामागे जातं. त्याच विद्यापीठात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात प्रत्यक्ष मैफलीत अतिखर्जाचे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले गेले. हे सूर इतके खालचे होते की ते कधी चालू आहेत हे श्रोत्यांना ओळखता येत नव्हतं. तरीही ते चालू असताना नाचणाऱ्यांची हालचाल ११.८ टक्क्यांनी वाढली. म्हणजे ज्याला ‘बेस ऐकू येत नाही’ असं वाटतं त्याचेही पाय बेसच हलवत असतो. बेस श्रोत्याला जाणवतो, मग तो कुठून येतो हे त्याला माहीत असो वा नसो.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नकोच, कारण खर्जाचा जोर त्यांनी विसर्जन मिरवणुकीत सोसला आहे. ज्याला सगळे डॉल्बी म्हणतात त्या स्पीकरच्या भिंतींनी महाद्वार रोडवरची घरं हादरवली, म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची दैना केली आणि प्रशासनाला डॉल्बीमुक्त मिरवणुकीसाठी वर्षानुवर्षं प्रयत्न करावे लागले. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. त्यामुळे कुणी म्हणेल की आधीच दणदणाटाने त्रासलेल्या गावात आणखी बेसची भर नको. ही काळजी मला रास्त वाटते आणि म्हणूनच बेस वाजवणाऱ्याची गरज अधिक वाटते. मिरवणुकीतल्या भिंतीत खर्ज हा निव्वळ दाब असतो. त्याला सूर नसतो, विराम नसतो, कुणाला साथ नसते. हाताने वाजवलेल्या बेसमध्ये प्रत्येक सुराला सुरुवात आणि शेवट असतो आणि चांगल्या वादकाची ओळख तो कुठे थांबतो यावरून होते. शंभर माणसांच्या बंदिस्त हॉलमध्ये संयमाने वाजवलेला बेस ज्या मुलाने ऐकला आहे, त्याला खर्ज आणि दणदणाट यांतला फरक कानाने कळतो. नियम आवाज कमी करू शकतात, पण अभिरुची घडवू शकत नाहीत. ती ऐकून घडते.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. हे विलायती वाद्य, आपल्या मातीशी याचा काय संबंध? संबंध बराच जुना आहे. कोल्हापूरहून तासाभराच्या अंतरावर मिरज आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपनं देते. बेस गिटारच्या मधल्या दोन तारा ५५ आणि ७३ कंपनांच्या आहेत, म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज बरोबर त्यांच्यामध्ये बसतो. खालच्या सुराचा आधार घेऊन वर गाणं उभारायचं, हे या भागाला कुणी बाहेरून शिकवलेलं नाही. साधन मात्र बाहेरून आलं, आणि तसं तर हार्मोनियमही बाहेरूनच आली. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं तिला परकी ठरवून दूर ठेवलं आणि तरीही भजनी मंडळांनी, नाटक कंपन्यांनी तिला सोडलं नाही. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचे बेसवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते आणि त्या खोऱ्यात ऐकलेल्या लोकगीतावरून बँडचं ‘मा रेवा’ उभं राहिलं. ते ऐकताना वाद्य कुठल्या देशातलं हा प्रश्न मनात येत नाही. कोल्हापूरपुरतं बोलायचं तर फुटबॉल पाहावा. इंग्रजांचा हा खेळ इथल्या तालमींनी आपलासा केला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस क्लब असे संघ पेठांच्या नावाने आणि इरेने खेळतात आणि शाहू स्टेडियम भरतं. याच गावच्या अनिकेत जाधवने २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घातली. ज्या गावाने फुटबॉल पेठेचा केला त्याला बेस गिटार परकी म्हणता येणार नाही.

फुटबॉलचं उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. तिथे हौसेला व्यवस्थेचा आधार आहे. मैदान आहे, खेळाडूंची नोंदणी आहे, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळी स्पर्धा आहेत, आणि बचावफळीत खेळणाऱ्याचं नावही पेठेत घराघरात माहीत असतं. यातच चौथ्या आक्षेपाचं उत्तर आहे. तो आक्षेप असा की हौस ही ज्याची त्याने भागवावी, गावाने त्यासाठी का झटावं? कोल्हापूरचा इतिहास याच्या उलट सांगतो. १८८३ साली स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब संगीतप्रेमींच्या एकत्र येण्यातून उभा राहिला. गोविंदराव टेंबे पेटी बहुतांशी स्वतःच शिकले आणि आपल्याला गाण्याची वाट या क्लबने दाखवली, असं त्यांनी कृतज्ञतेने नमूद केलं. त्याच टेंब्यांनी पुढे ‘अयोध्येचा राजा’ला संगीत दिलं. शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा सहा दशकांहून अधिक काळ चालू आहे आणि कोल्हापूर हे तिचं एक केंद्र आहे. तिथे अभिनयाबरोबर नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेलाही पारितोषिक असतं. मागे काम करणाऱ्याची कसोटी वेगळी लावायची आणि त्याचा वेगळा मान करायचा, ही समज हौशी रंगभूमीने महाराष्ट्राला दिली. हौशी बँडला अशी स्पर्धा नाही, असा मान नाही. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात पाश्चात्य समूहगीत असतं, पण त्यात गायक सहा आणि साथीदार तीन. तीनच जागा असल्या की कीबोर्ड, गिटार आणि तालवाद्य आत जातं आणि बेसवाला प्रेक्षकांत बसतो.

हे बदलायला फार पैसा लागत नाही. तीन गोष्टी पुरेत. पहिली, सरावाची जागा. आवाज बाहेर जाणार नाही अशी एक खोली, ड्रम आणि बेसचा स्पीकर जागेवर ठेवलेला, तासाच्या माफक भाड्याने. शिवाजी विद्यापीठ, महापालिका किंवा एखादी जुनी संगीतसंस्था हे सहज करू शकेल. दुसरी, लहान रंगमंच. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं तेव्हा सारं गाव हळहळलं, कारण १९१५ साली उभी राहिलेली ती वास्तू सगळ्यांची होती. तिच्या पुनर्बांधणीबरोबर शंभर-दीडशे माणसांच्या हॉलचाही विचार व्हायला हवा, कारण हौशी बँडला मोठं नाट्यगृह परवडत नाही आणि उघड्या मैदानात तो धड ऐकूही येत नाही. तिसरी गोष्ट मंडळांच्या हातात आहे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ पेठेतल्या मुलांच्या बँडला द्यावी. अट एकच ठेवावी: ट्रॅक नाही, सगळं हाताने वाजवायचं, मर्यादेतल्या आवाजात.

यातून रातोरात कुणी टोनी वाझ निघणार नाही आणि तशी अपेक्षाही नको. नाट्य स्पर्धेतले बहुतेक नट आयुष्यभर हौशीच राहतात आणि तरी त्यांच्यामुळे महाराष्ट्राला जाणता प्रेक्षक मिळाला. हौशी बेसवाल्याचं मोलही तेच आहे. स्वतःचा सूर पुढे न करता दुसऱ्याचं गाणं उभं राहील असं वाजवायचं, हे शिकलेली माणसं ज्या गावात जास्त असतील तिथे संगीत टिकेल. मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आणि निवेदकांना म्हणूनच विनंती आहे: यंदाच्या कार्यक्रमात बेस वाजवणाऱ्याचं नाव पूर्ण घ्या, आणि शेवटी घेऊ नका. आणि रसिकांनो, पुढच्या वेळी एखादं गाणं मनासारखं रंगलं तर गायकाला टाळ्या दिल्यावर ड्रमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसापर्यंतही चालत जा आणि वाजवलेलं पोचलं, एवढं त्याला सांगा.